अंगी लागलेलं पाणी

सिस्टरनं सोनीच्या नडगीवर अंगठा दाबला, मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं आणि अंगठा उचलून ती पुढच्या खाटेकडं निघून गेली. अंगठा गेला, पण त्याची जागा गेली नाही. चांगला बोराएवढा खड्डा पडला होता. हंसाबाई वाकून त्याच्याकडं पाहत राहिली. मळलेल्या कणकेत बोट रुतलं तर कणीकसुद्धा हळूहळू अंग सावरते. नाल्याकाठच्या ओल्या मातीत बैलाचा खूर उमटला तर त्यात निदान पाणी तरी झिरपतं. हे मांस काहीच करीना. जणू ते सोनीचं नव्हतंच, कोणी तरी तिच्या हाडांवर आणून थापलं होतं. हंसाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, कोणी बघत नाहीसं पाहून चादर ओढली आणि तो खड्डा झाकून टाकला. मग उगाच दोनदा चादर सारखी केली. अर्ध्या तासापूर्वी याच खाटेपाशी उभी राहून ती डॉक्टरशी खोटं बोलली होती.

"सूज केव्हापासून आहे?" असं डॉक्टर वैरागडेंनी, परवा घाईत राहून गेलं म्हणून, आज विचारलं होतं. विचारलं होतं सोनीला. पण सोनीनं आपले डोळे, म्हणजे फुगलेल्या पापण्यांत उरलेल्या दोन चिरा, सासूकडं वळवले आणि ती म्हणाली, "याडी सांगंन." तांड्यावर आईला याडी म्हणतात, सोनी सासूलाही तेच म्हणे. आणि हंसाबाईनं एका दमात सांगून टाकलं, "आठ रोज झाले असंन." त्याच्याआधी काही? "काईच नाई. चांगली धडधाकट होती. पाह्यणारे पाह्यतच राह्यत." डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं, लिहिता लिहिता थांबले, कागदाकडं पाहिलं, सोनीकडं पाहिलं, आणि पुढं गेले. सोनी काही बोलली नाही. हंसाबाईला तेच खुपत होतं. पोरगी बोलली असती, याडी खोटं सांगून राह्यली म्हणाली असती, तर हंसाबाईनं तिला तिथल्या तिथं झाडली असती आणि मन मोकळं झालं असतं. सोनीनं तोंड मिटून तिची अब्रू झाकली होती, आणि आता ते झाकण हंसाबाईच्याच छातीवर येऊन बसलं होतं.

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातला हा बायकांचा वार्ड. औषधाचा वास, फिनेलचा वास, कोणाच्या तरी डब्यातल्या कांद्याचा वास. तांड्यावरून हंसाबाई इथं शहरात आली ती एकोणसाठ साली, चार वर्षांपूर्वी, मुलामागून. धनसिंग जिनिंगच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला, कापसाच्या बाजाराजवळ दोन खोल्या घेतल्या, आणि तांड्याच्या नायकाची विधवा चाळीतल्या नळावर बादली घेऊन उभी राहिली. तिथं तिला कोणी ओळखत नव्हतं. तांड्यात तिनं बोलायला तोंड उघडलं की बाया हातातलं काम थांबवत, इथं नळावरच्या बाया म्हणत, "ए लमाणीण, सरक." ती सरकली नाही ती नाहीच, पण तो शब्द तिच्या अंगात काट्यासारखा राहिला. शहरात तिच्याजवळ दाखवण्यासारखं काय होतं? नवरा गेला, नायकी गेली, गुरं दिराकडं राहिली. राहिली ती एक सून. तिला तिनं असं खाऊ घातलं की शहरानं पाहावं. दूध, तूप, अंडी, उडदाची डाळ, मिठाची मिरची तोंडी लावायला, वर लोणचं. आणि सोनी भरत गेली. गाल भरले, हात भरले, चालताना पाऊल जड पडू लागलं. नळावरच्या बाया म्हणाल्या, "सून मानवली हो तुम्हाले!" त्या दिवशी हंसाबाईनं पहिल्यांदा कोणाशी न भांडता बादली भरली.

तांड्याच्या बाया सुनेचं खाणंपिणं पाहतात ते दंडावरच्या बलियांवरून. लग्न झालेल्या बाईच्या दंडात कोपरापासून खांद्यापर्यंत त्या पांढऱ्या बांगड्या. नव्या नवरीच्या दंडावरून त्या खाली घसरतात, आणि सासरचं अन्न अंगी लागलं की जागच्या जागी बसतात. श्रावणातल्या तीजेला सोनीच्या माहेरी, फुलसावंगीकडच्या तांड्यावर, सगळी मंडळी जमली होती. गव्हाचे कोंब डोक्यावर घेऊन पोरी गात होत्या, आणि हंसाबाईनं सोनीचा दंड धरून तिच्या आईला, रामीबाईला, चारचौघींत हाक मारली होती. "विहीणबाई, इकडं या. घाला बोट. घाला नं! जाते का?" रामीबाईनं बलियेखाली करंगळी घालून पाहिली. "नाई जात." "मंग? तुमच्या घरून आणली तवा कोपरापावतर घसरत होत्या." रामीबाई लेकीच्या तोंडाकडं पाहत राहिली होती. ती हळूच म्हणाली, "सकायी सकायी तोंड फुगल्यासारखं वाटते हो. चार रोज राहू द्या माह्यापाशी." "कायले? वाळवाले?" हंसाबाई म्हणाली, आणि सगळ्या बाया खदखदून हसल्या. रामीबाईही हसली. काय करणार, लेकीची आई होती.

ते हसणं आता या खाटेपाशी बसून हंसाबाईला ऐकू येत होतं. आणि त्याच्याही आधीचं एक बोलणं. तीजेला निघायच्या आठवडाभर आधी सोनी चुलीपाशी बसून, मान खाली घालून म्हणाली होती, "याडी, पाय जड होते दिवस मावळला की. अन्... लघवीले फेस येते. साबणासारखा." हंसाबाई भाकर थापत होती, हात थांबला नव्हता. "दूध-तूप खाऊन राह्यली तर फेस येईन नाई तं काय ताक येईन? अन् हे धनसिंगले सांगू नको. गाडीवर हात ठेवणाऱ्या माणसाले घरची किरकिर लावायची नसते." भाकर तव्यावर पडली. सोनीनं मान हलवली. एवढंच. एवढंसं. पण हे एवढंसं आता डॉक्टरच्या त्या कागदावर यायचं राहून गेलं होतं, आणि त्याच्या जागी आठ रोज लिहिले गेले होते.

परवा, दवाखान्यात आणलं त्या दिवशी, सोनीच्या दंडाला बलिया इतक्या रुतल्या होत्या की खालचा हात निळा पडला. सिस्टर म्हणाली कापाव्या लागतील. नवरा जिवंत असताना बलिया फोडायच्या? हंसाबाईनं तिथंच उभ्या उभ्या निवाडा केला: नवऱ्यानं आपल्या हातानं काढल्या तर दोष नाही. धनसिंगनं कानशीनं घासून एकेक बलिया काढली, घासताना त्याचे डोळे वाहत होते, आणि हंसाबाई त्याला दटावत होती, "नीट पाह्य, कातडी सोलशीन." असा निवाडा करायला तिला क्षणभर लागला नव्हता. मग एक खरं वाक्य बोलायला जीभ काहून उचलत नाही?

वार्डाच्या कडेच्या खोलीत डॉक्टर नळीत काही तापवत होते. सोनीचीच लघवी होती ती, काल आणि आज मिळून जेमतेम वाटीभर झालेली. हंसाबाई दारात जाऊन उभी राहिली. "माह्या सुनेचं घेऊन काय शिजवतं रे तू?" ती सगळ्यांनाच तू म्हणे, पाटलाला आणि पोलिसालाही. वैरागडे हसले. "या बाई. पाहा." नळीचा वरचा भाग ज्योतीवर होता. पिवळं पाणी हळूहळू धुरकट झालं, मग दुधाळ, मग त्यात पांढऱ्या गुठळ्या धरल्या. "अंड्याचं पांढरं उकडल्यावर कसं होते?" "असंच." "तेच आहे हे. रक्तातलं सत्त्व. अल्ब्युमिन म्हणतात. रक्तात पाणी धरून ठेवायचं काम याचं. मूत्रपिंडाची गाळणी खराब झाली की हे लघवीतून निघून जाते. मग रक्ताले पाणी धरवत नाही, ते मांसात उतरते. रक्त कमी झालं की मूत्रपिंडाले वाटते, अंगात पाणीच नाही. मग तेही मीठ-पाणी सोडत नाही. वरून पूर अन् आत कोरड, असा प्रकार."

हंसाबाईला हे समजलं. डॉक्टरला वाटलं नसेल, पण समजलं. तिचा आजा सांगायचा, त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर हिंडत. हवा दमट झाली की थेंब पडला नसतानाही गोणी ओली होई, जड होई. मीठ चहूकडून पाणी ओढून आपल्यात धरून ठेवी. गोणी फाटून मीठ सांडलं की मात्र राहिलेला ताग वाऱ्यावर कोरडा. सोनीच्या रक्ताची गोणी फाटली होती. आणि आपण? आपण वरून भरत होतो. दूध भरलं, तूप भरलं, अंडी भरली, आणि सगळं त्या नळीतल्यासारखं पांढरं होऊन वाहून जात होतं, आणि जागा भरून काढत होतं ते नुसतं पाणी. त्या पाण्याला आपण बोट लावून लावून दाखवलं.

"मंग ते भरता येत नाई का पुन्हा?" तिनं विचारलं. "येते. त्याच्यासाठीच तर तुमच्या पोराले नागपूरले धाडलं होतं." काल धनसिंग बर्फाच्या थर्मासमधून दोन बाटल्या घेऊन आला होता, मधाच्या रंगाचं पाणी, हातात घेतलं तर तेलासारखं हळू हलणारं. "मंग दे नं." वैरागडेंनी नळी खाली ठेवली. "तिथंच अडलं आहे बाई. ही नळी एक सांगते अन् तुम्ही दुसरं सांगता. आठ दिवसांत अशी सूज आली असंन, तर तो रोग वेगळा. त्यात मूत्रपिंडं एकदम बंद पडतात. तेव्हा ही बाटली दिली तर अंगातलं पाणी ओढून रक्तात आणंन, अन् बाहेर जायचा रस्ता बंद. ते छातीत भरंन. पोरगी पाण्याबाहेर बुडून मरंन. अन् महिनोन् महिने हळूहळू आली असंन, तर हीच बाटली तिले तारंन. रक्ताचा दाबही जरासा वर आहे तिचा. संध्याकाळपर्यंत पाहतो." "अन् संध्याकाळपावतर लघवी नाई झाली तं?" डॉक्टरांनी ज्योत विझवली. हंसाबाईच्या जिभेवर शब्द आले. आले आणि तिथंच बसून राहिले. कारण दरवाज्यात, डोक्यावर गाठोडं घेऊन, एस.टी.तून उतरून तशीच आलेली रामीबाई उभी होती.

रामीबाई लेकीजवळ बसली. तिनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत घेतलं, आणि हात मागं घेतले तेव्हा गालावर बोटं उमटलेली राहिली. सोनी तिला म्हणाली, "याडी, पाणी." गाठोड्यात पाण्याचा गडवा होताच. रामीबाईनं तो काढला, आणि हंसाबाईनं तिचा हात धरला. "नाई द्यायचं." "काहून?" "डाक्टरनं सांगतलं. दिवसाले दोन कप." रामीबाईनं तिच्याकडं पाहिलं. तांड्यात वाटसरूच्या बैलालासुद्धा पाणी नाही म्हणत नाहीत. "पोरगी तहानेनं मरून राह्यली अन् तुम्ही कप मोजता?" "मोजतो. तिच्या अंगात लई पाणी हाये." "कुठून आलं?" असं रामीबाई म्हणाली. साधंच विचारलं होतं तिनं. सोनीनं ओठांवरून जीभ फिरवली. जीभ कोरडी, खरखरीत, आणि डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या. "याडी, एक घोट," ती सासूला म्हणाली. हंसाबाईनं तिच्या ओठांवर ओला फडका लावला. सोनीनं तो चोखायचा प्रयत्न केला. त्या चोखण्याचा आवाज हंसाबाईला सहन झाला नाही. इतकी वर्षं तिच्या दारातून कोणी उपाशी गेलं नव्हतं. आता तिच्याच हातून तिची सून एका घोटाला महाग झाली, आणि दोन खाटांपलीकडं बर्फात ठेवलेल्या बाटल्या तिच्याच तोंडच्या दोन शब्दांमुळं तशाच पडून होत्या. सांगितलं तर? रामीबाई ऐकेल. तांडा ऐकेल. येत्या तीजेला बाया पुन्हा हसतील, पण आता तोंड दुसरीकडं करून. नाही सांगितलं तर? तर येत्या तीजेला सोनीचं नाव कोणी घेणार नाही. हे दोन्ही तिनं असं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली, की हे तोलायला आपल्याला बसावं लागलं.

डॉक्टर टोपी घालून दाराकडं निघाले होते. "ए डाक्टर, थांब!" हंसाबाईचा आवाज तांड्यावरचा निघाला. सगळा वार्ड वळून पाहू लागला. "आठ रोज नाई. तीजेच्या आधीपासून हाये. तीन महिने वर झाले. मी लबाड बोलली." वैरागडे परत फिरले. "लघवीले फेस?" "फेस बी येत होता. तिनं मले सांगतलं होतं. मीच हसण्यावारी नेलं. पाय संध्याकायी सुजत, तोंड सकायी. आता लिहून घे! माह्यं तोंड काय पाह्यतं?" डॉक्टरांनी लिहिलं नाही, ते सिस्टरला म्हणाले, "प्रभावती, बाटली काढा." रामीबाई खाटेच्या कडेवर बसली होती. ती हंसाबाईकडं न पाहता म्हणाली, "अन् मले बोट घालाले लावलं." हंसाबाईला वाटलं, तिनं ओरडावं, झिंज्या धराव्या, निदान शिवी द्यावी. रामीबाईनं फक्त आपली करंगळी दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवली.

बाटली उलटी टांगली गेली. शीर सापडेना, प्रभावती सिस्टरनं पाचव्या वेळी मनगटाच्या मागं सुई धरली. थेंब, मग थोडा वेळ, मग थेंब. "इतकं हळू?" "घाई केली तं छातीत पाणी भरंन मावशी." पहिल्या दिवशी सिस्टरनं मावशी म्हटलं तेव्हा हंसाबाई फटकन म्हणाली होती, मी कोणाची मावशी नाई. सिस्टरच्या घरच्यांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली हे तिला दुसऱ्या बाईकडून कळलं होतं, आणि त्या दिवशी तिनं सिस्टरच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. आता ती म्हणाली, "हे माणसाच्या रक्तातलं असते म्हणे. कोणाच्या?" "लई जणांचं एकत्र करतात. बाटलीले नावगाव नसते. माह्यंबी असंन. मी दोनदा दिलं रक्त नागपूरले." हंसाबाई थोडा वेळ थेंब पाहत राहिली. "मंग बरं झालं," ती म्हणाली. "तू दांडगी दिसतं." प्रभावती हसली, आणि तिनं हंसाबाईचा हात उचलून सोनीच्या पाठीवर ठेवला. "श्वास जोरानं चालला, खरखर लागली, तं मले हाक मारा." हंसाबाई हात ठेवून बसली. हाताखाली पाठ वर यायची, खाली जायची. कुठून तरी, त्या जाड पाण्याखालून. आतल्या आत पाणी मांसातून निघून शिरांकडं चाललं असेल, गोणीत मीठ परत पडलं असेल, असं ती मनात पाहू लागली. मधेच श्वास जरा अडखळला की तिचा स्वतःचा थांबे. रामीबाईही पलीकडून बसली होती. एकाच पाठीवर दोघींचे हात, आणि दोघी एकमेकींकडं न बघता.

पहिली बाटली संपून तीन तास झाले, आणि सोनी म्हणाली, "भांडं." भांड्यात जो आवाज झाला तो हंसाबाईनं आयुष्यात कधी कान देऊन ऐकला नव्हता. तो थांबेना. प्रभावतीनं खुणांच्या काचेच्या भांड्यात ओतून पाहिलं. हंसाबाईला आकडे येत नव्हते, तिनं बोटानं खूण दाखवली, "इथपावतर?" "इथपावतर." तिनं आपल्या ओढणीच्या काठाला एक गाठ मारली. रात्र होईपर्यंत तीन झाल्या. दुसऱ्या दिवशी दुसरी बाटली लागली, गोळ्या सुरू झाल्या, आणि काठावर गाठींची रांग धरली. सोनी अजून पाणी मागे. हंसाबाई दोन कपांचे आठ घोट करून देई, आणि रामीबाई ते पाही.

चौथ्या दिवशी सकाळी आधी डोळे मोकळे झाले. चिरा रुंदावल्या आणि त्यातून सोनी बाहेर पाहू लागली. मग नाक आलं, गालाची हाडं आली, हनुवटी. गळ्याखालच्या दोन हाडांत वाटीसारखी खळगी पडली. चादरीवरचा हात इतका बारीक होता, की हंसाबाईला वाटलं कोणा दुसरीचाच आहे. लग्नात आणलेल्या त्या किडकिडीत नवरीपेक्षाही ही बारीक होती. म्हणजे इतके दिवस नळावरच्या बायांनी, तांड्यानं, तिनं स्वतः जी सून पाहिली, ती नव्हतीच. ती वाहून गेली, काचेच्या भांड्यातून. तिच्या खाली ही उपाशी पोरगी पडून होती, आणि कोणाला दिसत नव्हती. रामीबाईनं लेकीचं मनगट आपल्या अंगठ्यात आणि बोटात धरलं. मधे जागा उरली. ती जागा तिनं हंसाबाईला दाखवली नाही. हात चादरीखाली नीट ठेवला. त्या न दाखवण्यानं हंसाबाईची मान खाली गेली. कोणी झिंज्या धरल्या असत्या तर गेली नसती.

वैरागडे आले. "खूश होऊ नका," ते म्हणाले. "बाटलीनं पाणी काढलं, रोग नाही काढला. आपण भरलेलं सत्त्वही चार-आठ दिवसांत त्याच गाळणीतून जाईल. सूज पुन्हा येऊ शकते. तोवर गोळ्यांनी गाळणी सुधारली, तर झालं." "वाचंन?" "आज सांगता येत नाही. दोन महिने पाहावं लागंन. आधी आणली असती तर..." ते थांबले. "बोल," हंसाबाई म्हणाली. "पुरं बोल. माह्यासमोर बोल, हिच्या आईसमोर बोल." "आधी आणली असती तर सोपं गेलं असतं." हंसाबाईनं मान हलवली. तिनं त्याला उलट बोल लावला नाही, की देवाचं नाव घेतलं नाही.

दुपारी सोनी उशीला टेकून बसली. "याडी, भूक लागली." अळणी भात आणि बिनमिठाचं वरण डब्यात होतं. हंसाबाईनं पळी घेतली, डब्यात घातली, आणि सवयीनं उचलली ती काठोकाठ. तिच्या हातून जेवणाऱ्याला तिनं कधी विचारलं नव्हतं. पान पाहिलं की तिचा हातच ठरवी. पळी हवेत थांबली. समोरची पोरगी त्या पळीकडं पाहत होती, जितकं पडेल तितकं खाल्लं पाहिजे अशा नजरेनं.

"सोनी," हंसाबाई म्हणाली. "तूच सांग. किती देऊ?"

सोनीनं एकदा आईकडं पाहिलं, मग सासूकडं. मग बराच वेळ वाटीकडं.

"अर्धी."

हंसाबाईनं पळीतला निम्मा भात डब्यात परत सोडला आणि अर्धी वाटी वाढली. ती फारच थोडी दिसत होती. हात पुन्हा डब्याकडं गेला. तिनं तो मागं घेतला, ओढणीखाली धरला, आणि सोनी पहिला घास चावते आहे ते पाहत बसली.